स्क्रीन रंगवणाऱ्यांनो, इकडे लक्ष द्या

लॅपटॉप मिटा. फोन पालथे ठेवा. मागच्या बाकांवरच्यांनी पुढे या. आज भिंतीला टेकून बसायची सोय नाही.

तुमचे अंतिम वर्षाचे पोर्टफोलिओ बघून झाले. आता तुम्ही कंपन्यांच्या दारात उभे राहणार. गोड बोलून बोळवण करायची असती तर ती समारंभात केली असती. आज चार कडू शब्द ऐकून घ्या. काम देखणं आहे. रंग जमलेत, मोकळी जागा सोडायला शिकलात, बटणांचे कोपरे सगळीकडे सारखे गोल आहेत. आणि यातलं बहुतेक काम खोटं आहे.

असे एकमेकांकडे बघू नका. चोरी केलीत असं मी म्हणत नाही. ज्या माणसासाठी ॲप केलं म्हणता, त्या माणसाला तुम्ही कधी पाहिलंच नाही, एवढंच म्हणते. या धंद्यात याहून मोठं खोटं नाही.

एकच पोर्टफोलिओ उघडते. नाव घेत नाही, ज्याचा आहे त्याने ओळखावं. शेतकऱ्यांसाठी पीकविम्याचं ॲप. पहिल्याच पानावर पर्सोना: 'शेतकरीदादा, वय ४५'. डोक्याला घडी न मोडलेला फेटा, हातात ओंबी, चेहऱ्यावर जाहिरातीतलं हसू. फोटो इंटरनेटवरून उचललेला. खाली गरजा तीन, अडचणी तीन, आकांक्षा तीन. 'तंत्रज्ञानाची आवड आहे, पण वेळ कमी पडतो.' कुठे भेटले रे हे दादा? कोणत्या तालुक्यात? शेत जिरायत की बागायत? सातबाऱ्यावर नाव एकट्याचं की तिघा भावांचं सामाईक? विम्याचा अर्ज ते स्वतःच्या फोनवरून भरतात की सेवा केंद्रावर रांग लावून तिथल्या पोराकडून भरून घेतात? उत्तर 'केंद्रावर' असेल, तर तुझ्या ॲपचा खरा वापरकर्ता तो केंद्रातला पोरगा आहे. त्याला तुझ्या स्क्रीनवर उमलणारी फुलं नकोत. टॅबची कळ दाबली की पुढच्या रकान्यात जाणारा आणि वीज गेली तरी भरलेलं जपून ठेवणारा फॉर्म हवाय. हे खोलीत बसून सुचत नाही. त्यासाठी एसटीचं तिकीट काढावं लागतं.

बरं, मुलाखती तरी? आहेत ना, पाच आहेत. पाचही जण एकाच सुरात बोलतात, प्रत्येकाचं उत्तर तीन मुद्द्यांत, प्रत्येकाची वाक्यं व्याकरणशुद्ध. चॅटबॉटला 'तू शेतकरी आहेस' असं सांगून लिहून घेतलेल्या मुलाखती मला कळत नाहीत असं वाटलं काय? माणूस असा बोलत नाही. खरा माणूस मध्येच 'थांबा, मोटार बंद करून येतो' म्हणून उठतो. विम्याबद्दल विचारलं की गेल्या साली जावयाने काय केलं ते सांगतो. त्या फाफटपसाऱ्यात तुमच्या कामाचं एक वाक्य दडलेलं असतं, आणि ते ओळखता येणं हीच तुमची विद्या. ती यंत्राकडून उसनी आणलीत, तर तुमच्याकडे उरलं काय?

आणि शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत: 'नव्या डिझाइनमुळे वापर ४० टक्क्यांनी वाढला.' फिग्माच्या बाहेर पाऊल न टाकलेल्या ॲपचा वापर वाढतो कसा? मुलाखत घेणारी बाई शांतपणे विचारेल, 'कशाच्या चाळीस टक्के?' तेव्हा तोंडातून शब्द फुटणार नाही. ही एक थाप पकडली गेली की उरलेल्या पानांवरही कुणी विश्वास ठेवत नाही. 'ॲप सुरू झालं नाही, पण सहा जणांनी वापरून पाहिलं, चौघे इथे अडले,' एवढं खरं लिहिलंत तरी समोरचा सरसावून बसेल.

दुसरी खोड. ब्रिटनच्या डिझाइन कौन्सिलने वीसेक वर्षांपूर्वी 'डबल डायमंड' ही आकृती काढली: आधी प्रश्न पसरून बघा, मग नेमका करा, मग उत्तरं पसरून बघा, मग नेमकं करा. त्यामागचा विचार चांगला आहे. तुम्ही मात्र लग्नपत्रिकेवर गणपती छापावा तशी ती प्रत्येक केस स्टडीच्या माथ्यावर छापलीत आणि पुढे तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाहीत. भिंतीवरच्या रंगीत चिठ्ठ्यांचे फोटो आहेत. मोठे करून पाहिले तर बऱ्याच चिठ्ठ्या कोऱ्या. फोटोसाठी चिकटवलेल्या चिठ्ठ्या! पॉल ॲडम्स यांनी २०१३ साली ड्रिबल या डिझायनरांच्या कामं मांडायच्या साइटवरच्या दिखाऊ कामाबद्दल सडकून लिहिलं होतं: डिझायनर दुसऱ्या डिझायनरांची वाहवा मिळवायला कामं करतायत. तेव्हा तुम्ही प्राथमिक शाळेत होतात. रोग जुनाच आहे, तुम्ही फक्त वारसा चालवताय.

हा धंदा सुरू कसा झाला ते आठवा. शिकवलंय मी. डॉन नॉर्मन १९९३ साली ॲपलमध्ये गेले आणि आपल्या पदाच्या नावात त्यांनी 'युजर एक्सपिरियन्स' हे शब्द घातले. त्याआधी १९८८ साली त्यांनी पुस्तक लिहिलं ते दारांच्या मुठींवर, शेगडीच्या खटक्यांवर, दिव्यांच्या बटणांवर. दार ओढायचं की ढकलायचं हे कळलं नाही तर चूक दाराची, माणसाची नव्हे, एवढा एक सिद्धांत. आणि त्याच्याही कितीतरी आधी, १९५८ साली, चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकी डिझायनर जोडपं भारत फिरलं. सरकारला अहवाल दिला, त्यातून १९६१मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी सगळ्यात जास्त कौतुक कशाचं केलं? तांब्याचं. पाणी किती मावावं, वाहून नेणारा हात केवढा, तो कमरेवर नेतात की डोक्यावर, भरलेला आणि रिकामा असताना तोल कसा राहतो, ओतताना धार कशी पडते, किंमत काय, हाताला कसा लागतो: प्रश्नांची रांगच लावली होती. तुमच्या आजीच्या मोरीतल्या तांब्याकडे परक्या मुलखातली दोन माणसं इतकं निरखून बघतात, आणि तुम्ही पीकविम्याचं ॲप करताना एकदाही शेताकडे फिरकत नाही. याची लाज वाटत नसेल तर वाटू द्या.

आता तुमच्या कामाची परीक्षा कशी होते ते ऐका. तुमच्यापैकी एकीचं आरोग्य शिबिराच्या नोंदणीचं ॲप मी आपल्या कँटीनमधल्या मावशींच्या हातात दिलं आणि शेजारी गप्प बसले. मावशींनी फोन हातभर लांब धरला, चष्मा पिशवीत होता. आधी स्वागताची तीन पानं. 'वगळा' हा शब्द वरच्या कोपऱ्यात, फिक्या राखाडीत. तो त्यांना दिसलाच नाही. मग नाव. त्यांनी मराठीत टाइप केलं, एकेक अक्षर शोधत. खाली लाल ओळ आली, इंग्रजीत: 'इनव्हॅलिड इनपुट'. नाव रोमन लिपीतच हवं होतं, पण तसं कुठे लिहिलेलं नाही. मी मदत केली. पुढे जन्मतारीख. मावशींना पाठ आहे: १ जून १९७१. शाळेत नाव घालताना गुरुजींनी निम्म्या गावाला १ जूनच लावून दिलाय, हेही त्यांनी हसत सांगितलं. रकान्याला बोट लावलं, कॅलेंडर उघडलं ते चालू महिन्याचं. मागे जायला एक बाण, एका टिचकीला एक महिना. १९७१चा जून गाठायला साडेसहाशेच्या आसपास टिचक्या! वर्षावर बोट ठेवलं की वर्षांची यादी उघडते म्हणे. ते तुम्हाला माहीत, मावशींना कोण सांगणार? दहा-बारा वेळा बाण दाबून त्यांनी फोन माझ्याकडे परत दिला. तसाही ओटीपी मुलाच्या फोनवर जाणार होता आणि मुलगा कामावर. जाताना म्हणाल्या, "मला नाही बाई जमत हे मोबाइलमधलं. अडाणी माणूस मी."

ऐकलंत? दोष त्यांनी स्वतःच्या माथी घेतला. पोळ्यांचा हिशेब तोंडी करणाऱ्या, भिशीचा पै न पै लक्षात ठेवणाऱ्या बाईला तुमच्या कॅलेंडरने अडाणी ठरवलं. ब्रिटन सरकारच्या डिझाइन सिस्टिममध्ये जन्मतारखेसाठी तीन साधे रकाने असतात: दिवस, महिना, वर्ष. आकडे टाइप करा, झालं. त्यांना कॅलेंडर येत नव्हतं म्हणून नाही. माणसाला स्वतःची जन्मतारीख शोधावी लागत नाही, ती पाठ असते, हे त्यांनी लोकांना बघून ताडलं. जेकब नील्सन यांनी २००० साली लिहून ठेवलंय की पाच जणांना बसवून पाहिलं तरी बहुतेक अडचणी उघड्या पडतात. तुम्हाला पाचही नको होते. एका मावशीने अख्ख्या सत्राचं काम दहा मिनिटांत उघडं पाडलं.

रंगांकडे येते. 'मॅम, ग्लास इफेक्ट ट्रेंडमध्ये आहे.' आहे ना. ॲपलने जून २०२५मध्ये 'लिक्विड ग्लास' आणलं, सगळ्यांनी माना डोलावल्या, लगेच वाचता येत नाही अशी बोंबही झाली. तुमचं शिधापत्रिकेचं ॲप करताना तुम्ही ती काच जशीच्या तशी उचललीत. पण पुढे आयओएसच्या २६.१ या आवृत्तीत ॲपललाच ती कमी पारदर्शक करण्याची सोय द्यावी लागली, ते नाही वाचलंत. आणि तुमचा तो लाडका राखाडी! वेबच्या सुलभतेचे जागतिक निकष सांगतात की साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट निदान ४.५ ला १ हवा. तुम्ही सर्रास वापरलेला ९९९९९९ हा राखाडी पांढऱ्यावर २.८५ ला १ भरतो. तोच ७६७६७६ इतका गडद केलात की ४.५४ होतो, म्हणजे नुसता काठावर पास. मोजायचं साधन फुकट आहे, दोन क्षणांचं काम. तुम्ही मोजलं नाहीत, कारण तुमच्या वातानुकूलित लॅबमधल्या मोठ्या मॉनिटरवर ते छान दिसत होतं. वैशाखात, भर दुपारी, तडा गेलेल्या काचेच्या स्वस्त फोनवर मंगळवेढ्याच्या बांधावर ते दिसतं का, हे पाहिलंत? वेबेम ही संस्था दरवर्षी जगातली दहा लाख मुख्य पानं तपासते. २०२५ साली त्यातल्या ९४.८ टक्के पानांवर निकषांचे उघड भंग सापडले, आणि सर्वांत जास्त पानांवर आढळलेला दोष होता हाच, फिका मजकूर. जगभरचे लोक चुकतात, ही तुमची सबब होऊ शकत नाही.

मराठीचं तर तुम्ही मातेरं केलंय. इंग्रजी मथळ्याला अक्षरांमध्ये अंतर वाढवलं की ऐटदार दिसतं. तेच मूल्य मराठी मथळ्याला लावलंत आणि शिरोरेषेचे तुकडे पडले. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवलंत, म्हणून वरच्या वेलांट्या आणि रफार कापले गेले, खालचे उकार पुढच्या ओळीत घुसले. बटणाची रुंदी 'सेव्ह'च्या मापाने, त्यात 'माहिती जतन करा' कसं मावेल? तुम्ही मग टिंबं टाकून मोकळे झालात: 'माहिती ज...' पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी आहे ही खूण कुणीही घातली नव्हती. ती असती तर तशी सोय असलेल्या फॉन्टमध्ये ल आणि श मराठी वळणाचे आले असते, आणि स्क्रीन रीडरने मराठी मजकूर इंग्रजी आवाजात बडबडला नसता. आयआयटी मुंबईच्या आयडीसीत शिकवणाऱ्या र. कृ. जोशींनी विंडोजसाठी 'मंगल' फॉन्ट घडवला. मुंबईच्या एक टाइपने 'मुक्ता' आणि 'बालू' जगाला फुकट वापरायला दिले. आधीच्यांनी एवढं करून ठेवलंय आणि तुम्हाला ओळींमधलं अंतर वाढवायचं सुचत नाही? मातृभाषेतली स्क्रीन शेवटच्या रात्री यंत्राकडून भाषांतर करून चिकटवता, आणि वर 'लोकल कॉन्टेक्स्ट' म्हणून गुण मागता.

पुढचं ऐकताना कान टवकारा, कारण हे आता नुसत्या चांगुलपणाचं राहिलेलं नाही, कायद्याचं आहे. बँकेच्या ऑनलाइन केवायसीत डोळे मिचकावून दाखवा म्हणतात, म्हणजे समोर जिवंत माणूस आहे हे यंत्राला कळतं. ॲसिड हल्ल्यात ज्यांच्या पापण्याच भाजून गेल्या, त्यांनी काय मिचकावायचं? ज्याला दिसत नाही, त्याने चेहरा चौकटीत कसा बसवायचा? हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि केवायसी सर्वांना जमेल अशी करण्यासाठी २० निर्देश दिले. विचार करा: 'डोळे मिचकावा' ही ओळ कुणातरी डिझायनरने लिहिली असणार, कुणीतरी बैठकीत मंजूर केली असणार, आणि त्या बैठकीत एकालाही प्रश्न पडला नाही. उद्या त्या खुर्चीत तुम्ही असाल. 'एक ओळ कोड टाका, साइट आपोआप सुलभ' असं विकणाऱ्यांच्याही नादी लागू नका. तसला दावा केल्याबद्दल ॲक्सेसिबी या कंपनीला अमेरिकेत २०२५ साली १० लाख डॉलर भरावे लागले. डोळे मिटा, फोनवर स्क्रीन वाचून दाखवणारा टॉकबॅक चालू करा आणि स्वतःच्या ॲपमध्ये नोंदणी करून दाखवा. दर दुसऱ्या बटणाला तो 'अनलेबल्ड' म्हणेल, तेव्हा कळेल.

'पण मॅम, यूआय नीटच होता.' हो, कधीकधी यूआय नीटच असतो. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सप्टेंबर २०२५मध्ये सुरू झाली. बाईच्या आधार क्रमांकानंतर फॉर्म पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागत होता, त्यांच्या मोबाइलवर ओटीपी जाणार होता. ज्या बाईला दोघेही नाहीत, तिने काय भरायचं? विधवा आहे आणि वडीलही वारले. घटस्फोटित आहे आणि माहेर तुटलंय. अशा बायका आपल्या राज्यात दुर्मीळ आहेत का? पुढे मुदत वाढवावी लागली आणि अशांची कागदपत्रं अंगणवाडी सेविकेमार्फत घ्यायची वेगळी वाट काढावी लागली. रंग, फॉन्ट, बटण यातलं काहीही तिथे आड आलं नव्हतं. प्रश्नच चुकीचा विचारला होता. फॉर्ममधला प्रत्येक रकाना म्हणजे समोरच्याच्या आयुष्याबद्दल तुम्ही धरलेलं एक गृहीत, आणि ते गृहीत तपासण्याचं काम तुमचं आहे. मंत्रालयातल्या साहेबाने ते धरलं असेल, तरी 'दोघेही नसतील तर?' एवढं विचारायला डिझायनर तिथे बसवतात.

आता ज्यांचं काम मला सगळ्यात जास्त बोचलं, त्यांच्याकडे वळते. तिकीट बुकिंगच्या प्रकल्पात विम्यावर आधीच खूण. 'फक्त २ जागा शिल्लक' हे वाक्य कायमचं छापलेलं, मग जागा पन्नास असोत की पाच. विमा नको म्हणायचं तर बटणावर लिहिलंय: 'नको, मला कुटुंबाची पर्वा नाही.' हे लिहिताना हात थरथरला नाही? हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० साली या लबाडीला 'डार्क पॅटर्न' असं नाव दिलं. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वं काढून असे १३ प्रकार मोजून सांगितले आणि वापरायला मनाई केली. खोटी घाई, न मागता टोपलीत टाकलेली वस्तू, नकार देणाऱ्याला लाजवणं, वर्गणीचा सापळा, शेवटच्या पानावर फुटणारे जादा पैसे. सगळं त्यात आहे. तुमच्या एका प्रकल्पात मला त्यातले चार सापडले.

'क्लायंट असंच मागतात,' म्हणालात तुम्ही. मागतात. म्हणून तर तुम्हाला कायदा यायला हवा. २०२३चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा म्हणतो की संमती देणं जितकं सोपं, ती मागे घेणंही तितकंच सोपं हवं; आणि माहिती कशासाठी घेताय हे इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायची सोय हवी. त्या अनुसूचीत २२ भाषा आहेत, मराठी त्यातली एक. अमेरिकेत ॲमेझॉनवर खटला झाला तो याच कारणाने: प्राइमची वर्गणी नकळत गळ्यात पडते आणि सोडताना माणूस चक्रावतो. वर्गणी रद्द करायच्या वाटेला कंपनीच्या आत 'इलियड' म्हणत, असं तक्रारीत नमूद आहे. ट्रॉयच्या न संपणाऱ्या युद्धावरचं महाकाव्य! सप्टेंबर २०२५मध्ये कंपनीने तडजोडीत २५० कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. क्लायंटपुढे नीतीचं प्रवचन देऊ नका, तो ऐकणार नाही. हे दोन कायदे आणि हा आकडा त्याच्यापुढे ठेवा. 'हे मी करणार नाही' म्हणायची हिंमत होत नसेल, तर निदान 'हे तुम्हाला महागात पडेल' म्हणायची अक्कल असू द्या.

राहिला तो प्रश्न, जो तुम्ही सगळे कुजबुजत विचारताय. एआयमुळे आमच्या नोकऱ्या जाणार का?

सरळ सांगते. चार ओळी लिहिल्या की फिग्मा मेक, लव्हेबल, व्ही-झिरो असली साधनं नीटनेटकी स्क्रीन काढून देतात, मागच्या कोडसकट. तुम्ही पंधरा दिवस घासून काढलेल्या स्क्रीनइतकीच गोंडस. कारण तुम्हीही तेच करत होतात: आधी झालेलं बघायचं, सरासरी काढायची, गोल कोपरे द्यायचे. हे काम यंत्र स्वस्तात करतं, आणि त्या कामासाठी पगार द्यायला कुणी बसलेलं नाही. सहा आठवड्यांत 'प्रॉडक्ट डिझायनर' करून देतो म्हणणाऱ्या क्लासची फी भरून काहींनी लिंक्डइनवर पाट्या टांगल्यात. त्या पाटीखालचं दुकान रिकामं आहे हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं.

पण मावशींनी फोन परत केला तो क्षण यंत्राने पाहिला नव्हता. 'दोघेही नसतील तर?' हा प्रश्न त्याला कुणी सांगितल्याशिवाय पडेलच याची खात्री नाही. केंद्रातल्या पोराला टॅबची कळ हवीय हे त्याला ठाऊक नव्हतं. साहेबासमोर उभं राहून हा रकाना काढा म्हणायची जबाबदारी ते घेत नाही. हे सगळं तुमच्या वाट्याला उरलंय, आणि नेमकं हेच तुम्ही तीन वर्षं टाळलंत. नोकरी एआय खाणार नाही, तुमचा आळस खाईल.

म्हणून शिका. एचटीएमएल शिका, बटणाचा टॅग सोडून डिव्हला रंग फासलात तर कीबोर्डवरून तिथे पोचता येत नाही, हे डिझायनरला कळलं पाहिजे. मराठी लिहायला शिका. चूक झाली तर काय चुकलं आणि आता काय करायचं हे एका ओळीत सांगता येणं ही मोठी कला आहे, आणि ती येणारी माणसं फार थोडी आहेत. पान किती जड आहे ते बघा. गूगलचा साधा दंडक आहे की मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, आणि तुमच्या मुख्य पानावर ड्रोनचा व्हिडिओ फिरतोय. आकडा लिहिलात तर तो कुठून आणला ते लिहा. आणि ऐकायला शिका. शेजारी बसून, हात मांडीवर ठेवून, 'तिकडे नाही, इकडे दाबा' असं न म्हणता गप्प राहणं तुमच्यातल्या एकालाही जमत नाही, मी पाहिलंय.

तुम्ही बुद्दू असता तर मी एवढा घसा कोरडा केला नसता. हातात कसब आहे, नजर आहे, म्हणून राग येतो. दहावी-बारावीला रात्र रात्र जागून चित्रकलेच्या परीक्षा दिलेली पोरं आहात तुम्ही. कष्टाला भीत नाही. भीता ते अनोळखी माणसासमोर जाऊन बसायला. ती भीती मोडा.

तर आता गृहपाठ. पोर्टफोलिओ मी कुणाचाही मंजूर केलेला नाही. येत्या दोन आठवड्यांत प्रत्येकाने आपलं ॲप पाच माणसांच्या हातात द्यायचं. मित्र चालणार नाहीत, चुलतभाऊ चालणार नाहीत, इंग्रजी माध्यमातली शेजारीण चालणार नाही. एक जण साठीच्या पुढचा हवा, एकाला नीट दिसत नसावं, एकाचा फोन सगळ्यात स्वस्तातला हवा. शब्दही न बोलता बघायचं, आणि कोण कुठे अडखळलं ते परवानगी घेऊन, नाव न लिहिता टिपायचं. मग ते दुरुस्त करायचं, आणि आधीची स्क्रीन, अडखळण आणि नंतरची स्क्रीन अशी तिन्ही पानं मला दाखवायची. पर्सोना फाडून टाका. चाळीस टक्के खोडून टाका. ज्याच्या पोर्टफोलिओत एकही माणूस अडखळलेला दिसणार नाही, त्यावर माझी सही होणार नाही.